तिसऱ्या खेपेचा तवंग

दुपारी जेवायला घरी आलेल्या मुनिफाने खिडकीतली बाटली सहज उचलून उजेडाकडे धरली, तेव्हा तिला आधी वाटलं की आपल्याच बोटाचा ठसा काचेवर उमटलाय. ओढणीच्या टोकाने तिने काच पुसली. ठसा गेला नाही. बाटली तिरकी केली तसा तो सरकला, लांबट झाला, पुन्हा गोल झाला. मग तिच्या लक्षात आलं की तो काचेवर नाही, आत आहे. मधाच्या रंगाच्या त्या द्रवावर, अगदी वरच्या थरात, नखाएवढा तेलाचा एक डोळा तरंगत होता. तिने बाटली खाली ठेवली. शेजारच्या दोन बाटल्या उचलून पाहिल्या. पहिल्या खेपेची नितळ, दुसऱ्या खेपेची नितळ. पुन्हा तिसरी. डोळा तिथेच. प्रत्येक खेपेतली बोटभर बाटली बाजूला काढून, तारीख लिहून, न हलवता खिडकीत ठेवायची, हा तिचाच नियम होता. अकरा दिवस ही बाटली कुणी हलवली नव्हती, म्हणून जे आत दडलेलं होतं ते निवांत वर आलं होतं. माणसाचंही असंच असतं, असं काहीतरी तिच्या मनात येऊ पाहत होतं, पण ते येण्याआधीच दुसरं आलं: याच खेपेच्या तीन बाटल्या या क्षणी तीन म्हाताऱ्यांच्या खिशात आहेत. एक तिच्या बापाच्या. आणि त्या काचेच्या नाहीत, काळ्या प्लास्टिकच्या आहेत. आत काय तरंगतंय ते त्यातून कुणाला दिसणार नाही.

घरच्या घरी वेपचं, म्हणजे विजेवरच्या सिगरेटचं, लिक्विड बनवणारी माणसं सगळ्या गोष्टींवर भांडतात. गोडी किती घालावी, किती दिवस मुरवावं, अर्क थेंबांनी मोजावा की वजनाने. मुनिफा ज्या औषधाच्या दुकानात कामाला होती तिथे सामान घ्यायला येणाऱ्यांची ही भांडणं तिने पाठीमागच्या बाकावर बसून ऐकली होती, त्यांतून शिकली होती. पण एका गोष्टीवर कुणीच भांडत नाही. तेल नको. अर्क असा हवा जो पीजीत विरघळतो, म्हणजे त्या पातळ, गोडसर, निर्गंध द्रवात, जो खोकल्याच्या औषधातही असतो. पोटात गेलेलं तेल पचतं. श्वासाबरोबर फुप्फुसात गेलेलं तेल तिथेच बसून राहतं. नव्याने शिकायला येणाऱ्या पोरासोरांना ती स्वतः हे सांगायची, आणि सांगताना तिचा आवाज दुकानातल्या मोठ्या बाईंसारखा व्हायचा. आता त्या आवाजाची तिला लाज वाटली. चुलीवरचा भात निवत होता. म्हशीच्या मटणाचा काल उरलेला रस्सा होता. तिने ताटावर झाकण ठेवलं आणि खुर्चीवर बसली, आणि तिला पाक सरपानचं बोलणं आठवलं.

सरपान म्हणजे बापाच्या मेळ्यातला डफवाला; पाक हे बापाला आणि बापाच्या वयाच्या कुणालाही म्हणायचं. सत्तरीचा, दातांत फट असलेला, कुठल्याही गोष्टीची थट्टा करणारा. परवा बाजारात भेटला तेव्हा म्हणाला होता की नीफा, तुझ्या बापाने दिलेली ती नवी बाटली ओढली की मला बाळंतिणीच्या खोलीत शिरल्यासारखं वाटतं, आता पाळणाही आणून ठेवतो. ती हसली होती. तोही हसला होता, आणि हसता हसता थांबून छातीवर मूठ ठेवून म्हणाला होता की दोन दिवस झाले, इथे कापूस भरल्यासारखा वाटतोय. ती म्हणाली होती, गरम पाणी प्या. गरम पाणी प्या! आता त्या आठवणीवर तिचं मन तेलाच्या थेंबासारखं सरकलं, लांबट झालं, पुन्हा गोल झालं. बाळंतिणीच्या खोलीचा वास. लहान मुलांच्या पोटावर चोळायचं लवंगतेल. खोबरेलात कालवलेलं. बाजारात लवंगतेल विकणाऱ्या म्हातारीने यावेळी दिलेली कुपी तिने कपाटातून काढली. डोंगरावरची, लवंगेच्या पानांचं ऊर्ध्वपातन करणाऱ्यांकडची, नेहमीसारखीच तपकिरी कुपी. बूच काढून तिने एक थेंब कागदावर टाकला. निव्वळ लवंगतेल उडून जातं. या थेंबाभोवती मात्र कागद पारदर्शक झाला आणि तसाच राहिला, भजी ठेवलेल्या कागदासारखा.

लवंग हे सगळ्या दुखण्याचं मूळ होतं. या गावात लवंग कुणाला टळत नाही. कुदुसच्या हवेतच ती आहे. कारखान्यांच्या वाऱ्याला कपडे वाळत घातले की ते लवंगेचे होतात. मुनिफाची आई हाताने क्रेतेक वळायची, लवंगेचा चुरा घातलेल्या त्या सिगरेटी, जोडीदारणीबरोबर दिवसाला तीन हजार कांड्या, आणि तिच्या बोटांची टोकं मरेपर्यंत पिवळी होती. बाप, पाक कस्मुरी, त्याच कारखान्यात, पण सॉसच्या खोलीत. तंबाखूवर जो रस शिंपडतात त्याची कृती ज्या तीन माणसांना ठाऊक होती त्यांतला तो एक. एकतीस वर्षं. खोलीला दोन कुलुपं, दोन किल्ल्या, दोन वेगळ्या खिशांत. लहानपणी ती आईचा डबा घेऊन कारखान्यात जायची तेव्हा त्या दारासमोरून जाताना पाय आपोआप हळू व्हायचे. आतून गूळ, फणस, काहीतरी चिंचेसारखं, काहीतरी दारूसारखं, आणि या सगळ्यांना गोफासारखी एकत्र बांधणारी लवंग. एकदा दार अर्धवट उघडं होतं. बाप पिंपावर वाकून, डोळे मिटून, लांब दांड्याने ढवळत होता. त्याचे ओठ हलत होते. पुढे कितीतरी वर्षांनी तिला उमगलं की तो मोजत नव्हता, गात होता. त्याच ओव्या, ज्या तो गुरुवारी मुसल्ल्यात, गल्लीतल्या त्या लहानशा प्रार्थनागृहात, लोकांना गाऊन सांगायचा. त्या दिवशी ती उंबऱ्याशी गेली आणि म्हणाली, मी पण ढवळू? बापाने डोळे उघडले, दाराकडे आला, रागावला नाही, नुसतं म्हणाला की बायकांच्या हाताला ओल असते, सॉस नासतो. आणि दार लावून घेतलं. त्यात तिला दुखावण्यासारखं काही आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. ते वाक्य त्याने कुणाकडून तरी घेतलं होतं आणि तिच्याकडे दिलं होतं, जसा डबा देतात.

बापाचं गाणं हा मात्र उघड्या दाराचा मामला होता. असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर डफ गरम करायचे, कातडी ताणून बसली की सरपान एक थाप मारून बघायचा, आणि बाप सुरू व्हायचा. प्रवचन म्हणावं तर गाणं, गाणं म्हणावं तर प्रवचन. एक कडवं गायचं, मग साध्या बोलण्यात त्याचा अर्थ उलगडायचा, मध्येच कुणाच्या तरी शेळीची किंवा सुनेची गोष्ट, लोक हसायला लागले की त्या हसण्याच्या पाठीवर बसून पुन्हा पालुपदाकडे यायचं. हिरव्या पडद्याच्या अलीकडे बायकांत बसून मुनिफाने आयुष्यातल्या बऱ्यावाईट सगळ्या गोष्टी त्या पालुपदांच्या आधाराने सोसल्या होत्या. पहिलं मूल पोटातच गेलं तेव्हा, आई गेली तेव्हा. बापाचा आवाज काही फार गोड नव्हता, पण लांब होता. एका श्वासात तो एवढी वाट चालायचा की ऐकणाऱ्याला आपलाही श्वास मोठा झाल्यासारखा वाटायचा, आणि त्या मोठ्या झालेल्या श्वासात अल्लाचं नाव सहज मावायचं. मग दोन वर्षांपूर्वी खोकला आला. पालुपदाच्या मध्यावर श्वास तुटायचा, आणि तुटलेल्या जागी बाप उभाच राहायचा, पूल वाहून गेलेल्या माणसासारखा. डॉक्टरांनी सांगितलं क्रेतेक सोडा. तो म्हणाला, बरं. बाहेर येऊन त्याने एक पेटवली. हळूहळू तो गुरुवारी जाईनासा झाला. घरात बसून रेडिओची बटणं फिरवायचा. मुनिफाला त्या बटणांचा आवाज खोकल्यापेक्षा भयंकर वाटायचा.

म्हणून तिने वेप आणून दिला. बाजारातली तयार लिक्विडं दिली. स्ट्रॉबेरीची, दुधाच्या पुडिंगची. बापाने एक झुरका घेतला आणि म्हणाला की हे तोंड आहे की नातवाच्या वाढदिवसाचा केक? लवंगेचा बाजारी अर्क आणला तर म्हणाला, दात काढायला बसलोय असं वाटतं. त्याचं खोटं नव्हतं. त्या अर्काला दातांच्या दवाखान्यातल्या बोळ्याचा वास होता. तेव्हा ती स्वतः बेस बनवायला बसली. चव जिच्या पायावर उभी राहते ते मूळ मिश्रण. पाठीमागच्या खोलीत शिवणयंत्र होतं ते हलवून तिथे तिने वजनकाटा मांडला. कोरड्या पानाचा अर्क, ताडाच्या गुळाचा, थोडी व्हॅनिला, बडीशेपेसारख्या वासाचं एक नाव घेता न येणारं काहीतरी, पिकल्या फणसाचा फक्त भास. एक-एक अर्क आधी एकटा चाखायचा, मग जोडीने, मग तिघे मिळून, वहीत आकडे. तीन आठवडे मुरवायचं. लोणचं मुरतं तसंच, काही अर्क पहिल्या दिवशी भांडतात आणि विसाव्या दिवशी नांदायला लागतात. लवंग मात्र जमेना. शेवटी तिने नियमाच्या कडेवर पाय ठेवला. डोंगरावरचं निव्वळ लवंगतेल, शंभराला दोन थेंब, आणि तेही आधी चमच्याची तपासणी करून: चमचाभर पीजीत एक थेंब, दिव्यासमोर धरायचा, पूर्ण नितळ झाला तरच पुढे. जराही धूसर दिसला तर कुपी फेकायची. पहिल्या दोन खेपांना तिने प्रत्येकी तीनदा तपासलं होतं. बापाला तिने हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता की चमच्यात बघून स्वयंपाक करणारी सून कुणी घरात आणत नाही.

पहिली खेप त्याने ओढली, नाकाने सोडली, खिडकीबाहेर बघत बसला, आणि काही न बोलता बाटली खिशात टाकली. त्याच्याकडून याहून मोठं बक्षीस तिला बेचाळीस वर्षांत मिळालं नव्हतं. क्रेतेक सुटली. दुसऱ्या खेपेला तो मुसल्ल्यात गेला आणि चार कडवी गायला. तिसऱ्या खेपेच्या वेळी, आणि इथे आली की मुनिफाची आठवण चालायचीच थांबत होती, मागे वळून बघत होती, तिसऱ्या खेपेच्या वेळी तो स्वतः तिच्या खोलीत आला. पहिल्यांदाच. पाठीमागे हात बांधून उभा राहिला. बघू म्हणाला, तू कशी करतेस. खोलीला कुलूप नव्हतं, पडदासुद्धा नव्हता, तरी तिला वाटलं की कुठलंतरी दार उघडलंय आणि यावेळी उंबऱ्याच्या आत ती आहे. तिने अर्क ओतले. काटा बघितला नाही, नाकाने ओतले. बापासारखे डोळे मिटले. मग लवंगतेलाची कुपी हातात आली, चमचा डाव्या हाताशी होता, आणि तिला तो चमचा दिसला. अगदी स्वच्छ दिसला. आत्तासुद्धा दिसत होता. तो उचलला असता तर बापाला कळलं असतं की हिला खात्री नाही. तिने उचलला नाही. दोन थेंब टाकले, ढवळलं, बापाने मान हलवली. त्या मान हलवण्यासाठी तिने तीन म्हाताऱ्यांच्या छातीत खोबरेल ओतलं होतं, आणि एकवीस दिवस मुरवून, मिटक्या मारीत ओतलं होतं.

गुरुवार होता. असरला तासभर उरला होता. दुकानात फोन करून तिने सांगितलं की दुपारी येत नाही, आणि बापाच्या घराकडे निघाली. दोन गल्ल्यांचं अंतर. चालताना तिने वाक्यं तयार केली. कुपीत भेसळ होती. म्हातारीने फसवलं. हे खरं होतं, आणि वापरलं तर खोटं झालं असतं. जेनांग मिठाईच्या दुकानासमोर कढईत गूळ-तांदळाचा लगदा रटरटत होता, तुपकट बुडबुडे वर येऊन फुटत होते, आणि ती तिकडे न बघता गेली. तिला भीती कशाची वाटत होती? बापाच्या फुप्फुसांची वाटत होती, हे खरंच. पण तिच्या खाली, तवंगाच्या उलट, तळाशी बसलेली दुसरी एक भीती होती: की हे सांगितलं की आपण पुन्हा दाराबाहेर. आणि तो पुन्हा क्रेतेकवर.

बाप लुंगी बदलून, काळी टोपी गुडघ्यावर ठेवून ओसरीत बसला होता. ती आली तशी तो म्हणाला, बस नदुक. लहानपणापासून तो तिला याच नावाने हाक मारायचा, आपल्याकडे पोरी म्हणावं तसं. ती बसली नाही.

"पाक, तिसऱ्या खेपेत तेल आहे. ओढू नका. बाटली द्या."

"तेल आहे ते मला ठाऊक आहे," बाप म्हणाला.

तिला कळेना. बापाने खिशातून काळी बाटली काढली, कानाजवळ हलवली आणि शांतपणे सांगायला लागला. पहिल्याच दिवशी वेपच्या टाकीत भरताना त्याला तवंग दिसला होता. सॉसच्या खोलीत पिंपावर तवंग आला नाही तर ते लवंगवाल्याला बोलावून घ्यायचे, माल परत पाठवायचे. तवंग म्हणजे लवंग खरी. म्हणून तर ढवळत राहायचं, दिवसभर, हात मोडेपर्यंत. तेल खाली बसवणं हेच सॉसवाल्याचं कसब. तो रोज बाटली हलवून मगच भरत होता. सरपानला आणि शाळेतल्या तोहा गुरुजींना बाटल्या दिल्या तेव्हा त्यांनाही बजावलं होतं की हलवा आणि मग ओढा. "मी म्हटलं, पोरीला अखेर जमलं," तो म्हणाला. "पहिल्या दोन चांगल्या होत्या, पण त्यांत तवंग नव्हता."

म्हणजे जे बघून कुणीही थांबलं असतं ते बघून तो आनंदला होता. तिने त्याला समजावलं, हळू, दुकानात म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना समजावते तसं. तुमचा सॉस पानावर शिंपडायचा होता, पाक. पान जळायचं, धूर व्हायचा, त्या धुराचे गुणदोष वेगळे. इथे काही जळत नाही. तेलाची नुसती वाफ होते, ती आत जाते आणि आत जाऊन पुन्हा तेल होते. बाप ऐकत होता. आयुष्यात पहिल्यांदा ती त्याला मिसळण्याबद्दल काही सांगत होती आणि तो ऐकत होता, आणि हे असं व्हायला नको होतं.

"तुझी ती चमच्याची तपासणी?" त्याने विचारलं.

"केली नाही."

"का?"

"तुम्ही बघत होतात."

बापाने टोपी उचलली, आत बघितलं, पुन्हा गुडघ्यावर ठेवली. गल्लीतून कुणाची तरी सायकल गेली, कुणीतरी पिंजऱ्यातल्या पक्ष्याला शीळ घातली. मग त्याने बाटली तिच्या हातावर ठेवली आणि वेपही. तो काही टोचून बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं. सरपानच्या छातीचं तिने सांगितलं तेव्हा त्याने डोळे मिटले. मग म्हणाला की मुसल्ल्यात तो स्वतः सांगेल, आजच, सगळ्यांसमोर. तिने काही बोलायचं नाही. तिला सुटल्यासारखं वाटलं. वाटलं तेवढ्यात त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच किळस आली, पण ती आधीच मान हलवून बसली होती.

हिरव्या पडद्याच्या अलीकडे बायका नेहमीसारख्या दाटीवाटीने बसल्या होत्या, केळीच्या पानात बांधलेले भाताचे मुटके एका हातातून दुसऱ्या हातात जात होते. मुनिफाने मांडीवर बाटली धरली होती. डफ तापले, सरपानने थाप मारली, आणि तिला थापेच्या मागोमाग त्याचा लहानसा खोकला ऐकू आला. बापाने सुरुवात केली. घागर घेऊन नदीला गेलास, उभा राहिलास, रात्र झाली, घागर रिकामी. अरे भल्या माणसा, घागरीचं तोंड नदीकडे होतं की काठाकडे? जुनंच कडवं. पण आज त्याने ते चढ्या सुरात नाही, खालून घेतलं, आणि श्वास तुटण्याच्या आधीच तो आपणहून थांबला. डफ एक ठोका पुढे गेले आणि गोंधळून थांबले. साध्या आवाजात बापाने सांगितलं की आज अर्थ सांगणार नाही, आज चूक सांगणार आहे. सरपान आणि तोहा गुरुजींना दिलेल्या बाटल्यांत तेल गेलंय, ते छातीला वाईट, दोघांनी त्या आत्ता परत द्याव्यात. आणि मग तो म्हणाला, "मिश्रण माझं होतं. माझ्याच हाताने बिघडलं."

पडद्यापलीकडे कुजबुज झाली, पण रागाची नाही. गुरुजी म्हणाले की एकतीस वर्षांत एक पिंप नासवलं नाही अशा माणसाचा एकदा हात चुकला तर त्याचं काय एवढं. सरपान म्हणाला, म्हणजे मी बाळंत होणार नाही तर. लोक हसले. कुणीतरी, आवाज तिला ओळखता आला नाही, सहज विचारलं की यात पोरीने तर काही गडबड केली नसेल ना, तिच्याच घरी बनतं म्हणतात. आणि गुरुजी, ज्यांच्याकडे ती पाढे शिकली होती, मायेने म्हणाले की छे, ती बिचारी औषधाच्या गोळ्या मोजते, तिला यातलं काय येणार. बाटल्या भरून देत असेल एवढंच. बाप काही बोलला नाही. त्या न बोलण्यात मुनिफाला ऐकू आलं की हा प्रश्न आज पहिल्यांदा आलेला नाही. सात महिने या माणसांनी तिची लवंग ओढली होती आणि ती कस्मुरीची म्हणून ओढली होती, आणि प्रत्येक वेळी बाप असाच काही बोलला नव्हता. खोटं बोलला नसेल. नुसतं दार लावून घेतलं असेल. आणि आता तो तिची चूक आपल्या अंगावर घेत होता, खऱ्या मायेने, गावभर नावाची माती व्हायची ती आपल्या नावाची होऊ देत. आणि त्या मायेने तिच्या हातातलं होतं नव्हतं ते सगळं घेऊन चालला होता. तीन आठवडे मुरवलेले अर्क, वहीतले आकडे, पहिल्या खेपेचं ते खिडकीबाहेर बघणं. चूक त्याची झाली की बरोबर होतं तेही त्याचंच झालं असतं. तिला वाटलं, गप्प बसावं. बापाने बजावलंय. बायकांच्या बाजूने इथे कुणी कधी बोललेलं नाही, फक्त पालुपद म्हटलंय, तेही सगळ्यांबरोबर. शेजारच्या बाईने तिच्याकडे भाताचा मुटका सरकवला. मुनिफा उभी राहिली.

"मिश्रण माझं होतं," ती पडद्याकडे तोंड करून म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "पाकनी फक्त बघितलं. तेल मी घातलं, तपासायचं होतं ते मी तपासलं नाही. पाक सरपान, गुरुजी, तुम्ही दोघं आणि माझे पाक, तिघांनी उद्या सकाळी माझ्याबरोबर दवाखान्यात यायचं. छातीचा फोटो काढायचा. तिथे काय झालं ते मी सांगेन, मला नावं ठाऊक आहेत त्या अर्कांची, तुम्हाला नाहीत."

बायका तिच्याकडे खालून बघत होत्या. आता आपल्याला बसायला हवं हे तिला कळत होतं, पण ती उभीच राहिली. बापाचा खोकला आला, लांबचा, तळातून खरवडत आलेला, आणि तो संपेपर्यंत सगळे थांबले. ती पडद्याच्या विणीकडे बघत राहिली. त्यातून पलीकडचं काही दिसत नव्हतं, फक्त उजेड दिसत होता, आणि उजेडात बसलेल्या एका माणसाचा आकार.

"आधीच्या दोन खेपाही तिच्याच," बाप म्हणाला. आणि थोड्या वेळाने, कुणाला सांगतोय ते न कळेल अशा आवाजात, "त्या चांगल्या होत्या. ते मी तुम्हाला सांगायला हवं होतं."

मग पडद्याच्या खालच्या कडेशी काहीतरी खुडबुडलं. एक सुरकुतलेला हात, मनगटावर डफाच्या कडीचा वळ असलेला, पडद्याखालून अलीकडे आला आणि चटईवर चाचपडत एक काळी बाटली ठेवून मागे गेला. त्याच्यामागून दुसरा हात आला, खडू धरून धरून बोटं वाकडी झालेला. मुनिफाने वाकून दोन्ही बाटल्या उचलल्या. पलीकडे बापाने गळा साफ केला आणि घागरीचं तेच कडवं पुन्हा धरलं, अर्ध्या श्वासाएवढंच, आणि जिथे त्याचा श्वास संपला तिथून पुढची ओळ म्हणायला बायकांच्या बाजूने कुणी सुरुवात करावी याची वाट बघत तो थांबला.